इंजेक्शनवरचा ठपका गेला, दवाखान्यावरचा राहिला: एको चाचणीचा प्रकरण अभ्यास

१३ जून २०१९ रोजी डर्बनमध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या एड्स परिषदेत, एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. त्याच दिवशी ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातही छापून आले. चाचणीचं नाव एको. तीन महिन्यांनी घ्यायच्या गर्भनिरोधक इंजेक्शनमुळे बाईला एचआयव्हीची लागण होण्याचा धोका वाढतो का, हा तिचा प्रश्न होता. तो पाव शतकापेक्षा जास्त काळ लोंबकळत पडला होता. उत्तर आलं: तांबी, इंजेक्शन आणि दंडातलं इम्प्लांट (कातडीखाली बसवायची हार्मोनची काडी) या तिन्हींत लागणीच्या प्रमाणात फार मोठा फरक दिसला नाही. बातम्यांचे मथळे तिथेच थांबले.

पण त्या निबंधात आणखी एक आकडा होता. चाचणीत भाग घेतलेल्या ७,८२९ स्त्रियांपैकी ३९७ जणींना त्या काळात एचआयव्हीची लागण झाली. तिन्ही गटांत मिळून, दर तीन महिन्यांनी तपासणी, समुपदेशन, मोफत निरोध हे सगळं मिळत असताना. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा हा दुसरा आकडा आहे. तो समजायचा तर आधी पहिल्या प्रश्नाच्या मुळाशी जावं लागतं.

संशय कसा वाढत गेला

डीएमपीए हे या इंजेक्शनमधल्या औषधाचं छोटं नाव, पण दक्षिण आफ्रिकेत बायका त्याला नुसतं 'डेपो' म्हणतात. १५० मिलिग्रॅम औषध, एक मिलिलिटर पांढुरकं द्रावण. कुपी आधी नीट हलवायची, कारण औषध तळाशी बसतं. मग दंडात किंवा कमरेखाली स्नायूत सुई. नर्स कार्डावर पुढची तारीख लिहिते आणि बाई तीन महिन्यांसाठी मोकळी होते. घरी गोळ्यांचं पाकीट न्यावं लागत नाही. नवऱ्याला, मित्राला, आईला किंवा सासूला काही दाखवावं लागत नाही. पाळी अनियमित होते, पुष्कळदा थांबते, काहींचं वजन वाढतं, सोडल्यावर दिवस राहायला वेळ लागतो. तरीही ती सुई बायकांनी धरून ठेवली, कारण तिच्याबद्दल दुसऱ्या कुणाला कळण्याची गरज नव्हती.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस केनियातल्या मोम्बासामध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या अभ्यासात डीएमपीए घेणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण जास्त दिसलं. त्याआधी १९९६ मध्ये माकडिणींवरच्या प्रयोगात प्रोजेस्टेरॉनमुळे (डीएमपीए याच हार्मोनसारखं काम करतं) योनीचं अस्तर पातळ होतं आणि माकडांमधल्या तशाच विषाणूची लागण कित्येक पटींनी वाढते, असं आढळलं होतं. मग २०११ मध्ये सात आफ्रिकी देशांतल्या ३,७९० जोडप्यांचा अभ्यास आला. या जोडप्यांत एकाला एचआयव्ही होता, दुसऱ्याला नव्हता. हार्मोनची गर्भनिरोधकं, त्यातही मुख्यतः इंजेक्शन, वापरणाऱ्या बायकांमध्ये लागणीचा धोका जवळपास दुप्पट दिसला.

दुप्पट म्हटल्यावर खळबळ उडणारच. पण हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास होते. जी बाई इंजेक्शन घेते तिला गर्भाची धास्ती नसते, मग निरोध वापरण्याचा आग्रह आपोआप सैल होतो. लागण वाढली ती औषधामुळे की निरोध सुटल्यामुळे? बायकांना विचारून हे नक्की कळत नाही, कारण निरोध वापरला का या प्रश्नाचं उत्तर समोरच्याला आवडेल असं देण्याकडे सगळ्यांचाच कल असतो. संख्याशास्त्राने कितीही चाळण लावली तरी हा गुंता पुरता सुटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचीही त्यामुळे ओढाताण झाली. २०१२ मध्ये तिने डीएमपीएला 'बिनधास्त वापरा' या पहिल्या श्रेणीतच ठेवलं, पण सोबत निरोध वापरण्याची ठळक सूचना जोडली. २०१६ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा धोका साधारण ४० टक्क्यांनी जास्त दिसला. मार्च २०१७ मध्ये संघटनेने औषध दुसऱ्या श्रेणीत टाकलं: वापरता येईल, पण धोक्याची शक्यता बाईला समजावून सांगा. आता हे समजावून सांगणार कोण? रांगेत साठ बायका बसलेल्या असताना एकटी नर्स. आणि काय सांगणार? की ही सुई तुला कदाचित एचआयव्ही देईल, कदाचित नाही देणार, आम्हाला माहीत नाही?

या सुईचा जुना इतिहास

दक्षिण आफ्रिकेत हा प्रश्न नुसता वैद्यकीय नव्हता. वर्णभेदी सरकारने १९७४ मध्ये राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. काळ्या वस्त्यांत साधे उपचार मिळत नसत, पण गर्भनिरोधक इंजेक्शन मोफत मिळे. मजूर बायकांना शेतांवर, कारखान्यांत जाऊन सुया दिल्या गेल्या. काळ्यांची लोकसंख्या रोखणं हा त्यामागचा हिशेब कुणापासून लपलेला नव्हता. १९९४ नंतर राज्य बदललं, पण सरकारी दवाखान्यातली सवय राहिली: गर्भनिरोधक म्हटलं की इंजेक्शन. दोन महिन्यांचं किंवा तीन महिन्यांचं. निवड एवढीच.

ती सवय मोडायचा एक प्रयत्न २०१४ मध्ये झाला. सरकारने दंडात बसवायचं इम्प्लांट मोठ्या झोकात आणलं. सुरुवातीला बायकांनी ते भराभर बसवून घेतलं. मग रक्तस्रावाच्या तक्रारी आल्या आणि काढून घेण्यासाठी रांगा लागल्या. शिवाय एचआयव्हीच्या उपचारातल्या एफाव्हिरेन्झ या गोळीमुळे त्याचा परिणाम कमी होतो, असं लक्षात आलं. त्या वेळी उपचार घेणाऱ्या बहुतेक जणींना हीच गोळी मिळत होती. म्हणजे ज्या देशात एचआयव्ही सर्वाधिक, तिथेच हा पर्याय लंगडा पडला. इंजेक्शन पुन्हा पहिल्या जागेवर आलं.

म्हणून २०११ नंतर 'हे औषध बंद करा' असं म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करता येत नव्हतं, आणि त्यांचं ऐकून टाकणंही सोपं नव्हतं. औषध एकाएकी काढून घेतलं तर नको असलेली गर्भारपणं वाढणार, असुरक्षित गर्भपात वाढणार, बाळंतपणात मरणाऱ्या बायका वाढणार. दोन्ही पारड्यांत बायकांचे जीव होते.

चिठ्ठीने ठरणारं गर्भनिरोधक

खात्रीचं उत्तर हवं तर एकच वाट होती: कुणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं. गर्भनिरोधकाच्या बाबतीत हे सुचवणंच अनेकांना अयोग्य वाटलं. आपण काय वापरायचं हे बाईने ठरवायचं असतं, संगणकाने नव्हे. शिवाय ज्या औषधावर संशय आहे तेच काही जणींना मुद्दाम द्यायचं? दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं होतं की लाखो बायका तेच औषध काहीही न कळता घेत आहेत, आणि उत्तर न शोधणं हा त्यांच्यावरचाच अन्याय आहे. मला दुसरी बाजू पटते. पण पहिलीच्या बोलण्यात त्या १९७४ च्या कार्यक्रमाची आठवण आहे, आणि ती उगाच नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये नावनोंदणी सुरू झाली. एकूण १२ केंद्रं. त्यातली नऊ दक्षिण आफ्रिकेत: ब्रिट्स, केप टाउन, डर्बन, ईस्ट लंडन, एडनडेल, जोहान्सबर्ग, क्लर्क्सडॉर्प, लेडीस्मिथ आणि सोशान्गुवे. बाकीची इस्वातिनीत मान्झिनी, केनियात किसुमु आणि झांबियात लुसाका. वय १६ ते ३५, एचआयव्ही नसलेल्या, गर्भनिरोधक हवं असलेल्या आणि तिन्हींपैकी कुठलंही चालेल असं मान्य करणाऱ्या स्त्रिया. एका गटाला डीएमपीए, दुसऱ्याला तांबी, तिसऱ्याला जडेल नावाचं दोन काड्यांचं इम्प्लांट. बहुतेकजणी अविवाहित होत्या आणि ६३ टक्के पंचविशीच्या आतल्या.

काहीच न वापरणारा चौथा गट नव्हता. गर्भनिरोधक मागायला आलेल्या बाईला खोटं औषध देणं हा गुन्हाच ठरला असता. म्हणून या तीन साधनांची आपापसात तुलना करता येते, पण 'काहीच नाही' याच्याशी करता येत नाही. निकाल वाचताना ही मर्यादा लक्षात ठेवायला हवी. दोन महिन्यांचं इंजेक्शन आणि कातडीखाली घ्यायचं नवं डीएमपीए यांची तर चाचणी झालीच नाही.

निकालाचे आकडे असे: डीएमपीए गटात १४३ लागणी, तांबी गटात १३८, इम्प्लांट गटात ११६. डीएमपीए आणि तांबी जवळपास बरोबरीत. डीएमपीए आणि इम्प्लांट यांत २३ टक्क्यांचा फरक दिसतो, पण तो योगायोगाने येऊ शकतो इतका धूसर आहे. मुळात ही चाचणी ५० टक्के किंवा त्याहून मोठा फरक पकडण्यासाठी आखली होती, त्यामुळे छोटा फरक असेलच तर तो तिच्या हातून निसटणार. 'धोका शून्य' असं शास्त्रज्ञ म्हणाले नाहीत. २०११ मध्ये दिसलेली दुप्पट वाढ मात्र निकालात निघाली. ऑगस्ट २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डीएमपीए पुन्हा पहिल्या श्रेणीत घेतलं.

आणखी एक गोष्ट सिद्ध झाली, जिची फारशी चर्चा झाली नाही. नीट समजावलं आणि तिन्ही साधनं खरोखर हाताशी ठेवली, तर बायका तांबी आणि इम्प्लांटही स्वीकारतात. चाचणीच्या काळातल्या जवळपास ९२ टक्के वेळात बायकांनी मिळालेलं साधन चालू ठेवलं. 'आमच्याकडच्या बायकांना इंजेक्शनच लागतं' हे दवाखान्यातलं पालुपद इथे उघडं पडलं. मागणी इंजेक्शनची होती, कारण कपाटात तेच होतं.

३९७

आता मूळ आकड्याकडे. लागणीचं प्रमाण दर १०० स्त्री-वर्षांमागे ३.८१ होतं. म्हणजे शंभर बायकांना वर्षभर पाहिलं तर जवळपास चौघींना नव्याने एचआयव्ही होतो. या बायका कुठल्याही 'जोखमीच्या गटा'तून निवडलेल्या नव्हत्या. त्या देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या, त्यांचा जोडीदार बाधित आहे म्हणूनही त्यांना घेतलं नव्हतं. त्या फक्त गर्भनिरोधक मागायला आल्या होत्या.

नोंदणीच्या दिवशीच त्यांतल्या १८ टक्के जणींना क्लॅमायडिया हा लैंगिक संबंधातून होणारा संसर्ग होता. गनोरिया पाच टक्क्यांच्या आसपास, आणि जननेंद्रियाच्या हर्पिसचा विषाणू तिघींपैकी एकीपेक्षा जास्त जणींमध्ये. क्लॅमायडिया बहुतेक वेळा गुपचूप राहतो. पांढरं जात नाही, आग होत नाही, दुखत नाही. पण अस्तराला सूज असते आणि तिथून एचआयव्हीला आत शिरायला सोपं जातं. गर्भाशयाच्या नळ्या खराब होऊन पुढे मूल न होण्याची वेळ येते ती वेगळी. तिथल्या सरकारी दवाखान्यांत लक्षणं बघून उपचार द्यायची पद्धत आहे, प्रयोगशाळेची तपासणी नेहमीची नाही. लक्षण नाही म्हणजे उपचार नाही. या १८ टक्क्यांतल्या बहुतेकजणी चाचणीत आल्या नसत्या तर इंजेक्शन घेऊन तशाच घरी गेल्या असत्या.

डेपो घेणारी मुलगी वर्षातून चार वेळा स्वतःच्या पायाने दवाखान्यात येते. तरुण, निरोगी माणसांपैकी आरोग्यव्यवस्थेला इतक्या नियमित भेटणारा दुसरा गट शोधून सापडणार नाही. वर्षातून चार वेळा ती सिस्टरसमोर बसते. तिथे सगळे नर्सला सिस्टरच म्हणतात. सिस्टर कार्ड बघते, रक्तदाब घेते, सुई देते, तारीख लिहिते. एचआयव्हीची तपासणी दुसऱ्या खोलीत, त्याची रांग वेगळी. प्रतिबंधाची गोळी तिसरीकडे, मिळत असलीच तर. गुप्तरोगाचं विचारायचं तर आणखी एक दार. कुटुंबनियोजनाचा निधी, अहवाल आणि उद्दिष्टं वेगळी; एचआयव्हीची वेगळी. कागदावरची ही विभागणी त्या मुलीच्या शरीरात नाही. गर्भ आणि विषाणू एकाच रात्री, एकाच वाटेने येतात.

'निरोध वापरत जा' हा सल्ला चाचणीत प्रत्येकीला मिळाला आणि तरी ३.८१ टक्के. कारण सल्ला ऐकणारी एकटी नसते. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताळ प्रांतात विषाणूंच्या जनुकीय रचना जुळवून, कुणाचा विषाणू कुणाशी नातं सांगतो हे शोधणारा अभ्यास झाला. त्यात पंचवीस वर्षांखालच्या मुलींना लागण ज्यांच्याकडून झाल्याचं दिसतं ते पुरुष सरासरी ८.७ वर्षांनी मोठे होते. वयाने मोठा, कमावता, फोनचं रिचार्ज करून देणारा, कधी कॉलेजची फी भरणारा पुरुष. त्याच्यासमोर निरोधाचा आग्रह धरण्याची ताकद एका पत्रकातून येत नाही.

प्रेप, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची रोजची गोळी, दक्षिण आफ्रिकेत २०१६ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना द्यायला सुरुवात झाली आणि हळूहळू इतरांपर्यंत गेली. एकोच्या केंद्रांतही ती चाचणीच्या उत्तरार्धात आली. अनेकींसाठी उशिरा.

पुढची सुई

रोजची गोळी हे पूर्ण उत्तर नाही, हे आधीच कळलं होतं. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या ५,०२९ स्त्रियांच्या व्हॉइस चाचणीत गोळ्या मोजून आणि विचारून पाहिलं तेव्हा वापर ९० टक्क्यांच्या आसपास भरला. रक्त तपासलं तर औषध तिसऱ्या हिश्शाहून कमी नमुन्यांत सापडलं. नंतर बायकांशी बोलल्यावर कारणं पुढे आली. गोळ्यांची बाटली एचआयव्हीच्या उपचाराच्या बाटलीसारखीच दिसते. घरात कुणी पाहिली तर 'हिला झालाय' असाच अर्थ निघणार. त्या मुलींना बेजबाबदार म्हणणं सोपं आहे, पण मला ते मान्य नाही. त्यांनी एका धोक्यापेक्षा दुसरा धोका जवळचा मानला, आणि त्यांच्या घरात तो खरोखरच जवळचा होता.

म्हणून जून २०२४ मध्ये लेनाकापाविर या एचआयव्ही रोखणाऱ्या इंजेक्शनचे निष्कर्ष आले तेव्हा या क्षेत्रातल्या लोकांना भरून आलं. पर्पज-१ ही चाचणी दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या १६ ते २५ वयाच्या मुलींवर झाली. सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या कातडीखाली दोन सुया, आणि पहिल्या वेळी दोन दिवस गोळ्या. सुईच्या जागी लहानशी गाठ हाताला लागते, ती कधी कधी काही महिनेही राहते. हे औषध मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. रोजच्या गोळीच्या दोन गटांत मिळून ५५ जणींना झाली.

डेपोचं वेळापत्रक तीन महिन्यांचं, याचं सहा महिन्यांचं. म्हणजे दर दुसऱ्या फेरीला तीच खोली, तीच सिस्टर, तेच कार्ड, आणि दोन्ही कामं एका भेटीत. वेगळी रांग नाही, घरी न्यायला बाटली नाही. एकोने दाखवलेल्या भगदाडाला इतका नेमका जुळणारा तुकडा यापूर्वी हाताशी नव्हता.

अडचण पैशाची आणि कुणाला आधी द्यायचं याची आहे. अमेरिकेत या औषधाची जाहीर किंमत वर्षाला २८,२१८ डॉलर. ऑक्टोबर २०२४ मध्ये १२० देशांसाठी सहा कंपन्यांना स्वस्त आवृत्ती बनवण्याचा परवाना मिळाला. त्यात पुण्याची एमक्युअर आहे, हैदराबादच्या हेटेरो आणि डॉ. रेड्डीज आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या करारांनुसार २०२७ पासून हैदराबादच्या या दोन कंपन्यांचं औषध वर्षाला सुमारे ४० डॉलरला मिळणार आहे.

आपल्याकडे या सगळ्याकडे बघताना 'अंतरा' आठवते. तेच डीएमपीए २०१७ पासून आपल्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतं, आणि सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवाही होते. इंजेक्शनच्या गर्भनिरोधकांना इथल्या स्त्री-संघटनांनी १९८० च्या दशकापासून विरोध केला, १९८६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एचआयव्हीचं प्रमाण आपल्याकडे दक्षिण आफ्रिकेच्या आसपासही नाही, त्यामुळे एकोचा प्रश्न इथे तितका टोकदार नव्हता. पण त्या संघटना जे विचारत होत्या, की बाईला पूर्ण माहिती आणि खरे पर्याय मिळतात का, तेच डर्बनमध्येही विचारलं जात होतं.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी थांबवली. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांतले एचआयव्ही प्रतिबंधाचे अनेक कार्यक्रम त्या आठवड्यात ठप्प झाले. पुढे सवलत मिळाली तेव्हा अमेरिकी पैशातून प्रेप फक्त गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांपुरती उरली. जागतिक निधी (एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्धच्या कामाला पैसा देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आणि अमेरिका मिळून तीन वर्षांत २० लाख लोकांपर्यंत लेनाकापाविर नेण्याची योजना मात्र टिकली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये इस्वातिनी आणि झांबियात पहिला साठा पोहोचला. अमेरिकेने आपला भर तिथेही गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांवरच ठेवला आहे. त्यांना ते मिळायलाच हवं, कारण त्यात बाळही वाचतं. पण डेपो घेणारी मुलगी गरोदर नसते. ती इंजेक्शन घेते तेच गरोदर राहू नये म्हणून. म्हणजे ज्या मुलींमध्ये एकोने ३९७ लागणी मोजल्या, त्या या रांगेत पुढे नाहीत. त्यांना पुढे आणायचं तर प्रत्येक देशाच्या आरोग्य खात्याला स्वतःचे पैसे आणि जागतिक निधीतला आपला वाटा कुटुंबनियोजनाच्या खोलीकडे वळवावा लागेल, आणि तिथल्या सिस्टरला एचआयव्हीची तपासणी करायची आणि ही सुई द्यायची परवानगी, प्रशिक्षण आणि वेळ द्यावा लागेल.